हरणाऱ्याने मांडलेला पट

मी बाबांसाठी बुद्धिबळाच्या वेबसाइट्स पाहत बसले होते. शेजारचे देशपांडेकाका गेल्यापासून बाबांशी खेळायला कुणी उरलं नव्हतं. एका साइटवर खेळापेक्षा जाहिरातीच फार. दुसरीवर घड्याळ असं मागे लागतं की चहाचा घोट घ्यायचीही सोय नाही. तिसरी मात्र बरी वाटली, शांत, विनाघड्याळ.

"बाबा, ही बघा."

बाबा एक डाव खेळले आणि हरले. पलीकडून खेळणारा अनोळखी माणूस लगेच निघून गेला. पडद्यावरच्या सोंगट्या आपोआप जागच्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. बाबा बघतच राहिले.

"अगं, हरलो मी ना? मग पट मी मांडायचा."

बाबा आणि काका, दोघांचा तसा शिरस्ताच होता. हरणाऱ्याने उठण्याआधी उद्याचा डाव मांडून ठेवायचा. तोंड पडलेलं असायचं, पण एकेक प्यादं घरात ठेवता ठेवता राग निवत जायचा. यंत्राने आपले कष्ट वाचवले हे खरंच. पण काही कष्टांतच 'उद्या या' असं सांगितलेलं असतं, ते त्याला कसं कळावं?

मी लॅपटॉप मिटला. खिडकीशी स्टुलावर त्यांचा लाकडी पट होता. शेवटचा डाव काका जिंकले होते. त्या संध्याकाळी बाबांनी मांडलेल्या सोंगट्या अजून तशाच आहेत. बाबा रोज त्यांच्यावरची धूळ पुसतात.

पांढऱ्या सोंगट्या काकांच्या खुर्चीसमोर आहेत. पहिली चाल त्यांची आहे.