अळणी गोळे

नवऱ्याच्या हार्टचं पंपिंग कमी झालंय, असं लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि आमच्या घरातलं मीठ बंद झालं. पाठोपाठ तेलही गेलं. मटणाचं नाव काढायचं नाही. कोंबडी चालेल, पण भाजलेली. मग मी छोटं ओव्हन आणलं आणि कोंबडीच्या खिम्याचे गोळे करायला लागले. गाजर, कोबी, दुधी किसून घट्ट पिळायचं, त्यात बिनचरबीचा खिमा, लसूण, कोथिंबीर, बांधायला मूठभर ज्वारीचं पीठ. मीठ नाही, निदान मसाला तरी असू दे, म्हणून सासूबाईंनी खास कोंबडीसाठी धाडलेला काळा मसाला सढळ हातानं घालायची.

मी लिंगायत घरातली, हे बौद्ध. लग्नाआधीच ठरलं होतं, रांधीन सगळं, पण मांस तोंडात घालणार नाही. माझ्या हातच्या कोंबडीचं कौतुक अख्खी गल्ली करते आणि तिची चव मलाच ठाऊक नाही! मीठ बघायचं काम पहिल्यापासून यांचं. आजारपणातही ती रीत मोडली नाही. "बघा बरं," म्हटलं की हे गोळ्याचा तुकडा तोंडात टाकायचे आणि तोंड वाकडं करायचे. "अळणी हाय. दवाखान्यातलं जेवण बरं."

मला हायसं वाटायचं. पण यांचे पाय सुजायला लागले. आधी मोज्यांचे वळ राहायचे, मग चप्पल चढेना. आडवं झालं की दम लागायचा, म्हणून उशीवर उशी आली. डॉक्टरांनी गोळी वाढवली आणि माझ्याकडे रोखून पाहिलं. "मीठ कुठून जातंय?"

"घरातून चिमूटभरही नाही," मी छातीठोकपणे सांगितलं. मग यांच्यावरच पाळत ठेवली. खिसे तपासले, नाक्यावरच्या हॉटेलवाल्यालाही दम भरला. बिचारा म्हणाला, साहेब कैक दिवसांत फिरकलेच नाहीत. सूज मात्र चढतच होती. जेवणाची वेळ झाली की मला धडकी भरायची.

त्या दुपारी यांना गोळे वाढले. मसाला संपत आला होता, म्हणून मुखेडला सासूबाईंना फोन लावला.

"धाडते की यष्टीनं. औंदा खडेमीठ जरा जास्तीच घातलंय, लई दिवस टिकतंय बघ."

"मसाल्यात मीठ?"

"मग! न्हाईतर किडे व्हत्यात."

माझ्या माहेरी मसाल्यात मीठ घालत नाहीत. फोन ठेवला. ट्रेमध्ये उरलेले गोळे अजून कोमट होते. एक उचलला आणि जन्मात पहिल्यांदा मांस तोंडात घातलं. मीठ अगदी बेताचं पडलं होतं, ना कमी ना जास्त.

बाहेर आले. हे जेवत होते.

"तुम्हाला कळत होतं?"

यांनी नजर खाली घातली. "हाव."

"मग अळणी, अळणी काय म्हणत होता?" मी ओरडलेच.

"तेवढी एकच चव ऱ्हायली होती. अन् तू काई चाखणार न्हाईस, ठावं होतं मला."

इतका संताप आला की रडूच फुटलं. मी ताट ओढून घेतलं. हातातला गोळा मात्र यांनी सोडला नाही. माझ्याकडे बघत बघत, सावकाश चावून तो खाल्ला.