गळालेला अर्धा श

आमच्या घरात आवाज म्हणजे आबांचा. माझ्या वडिलांनी सातारा–सांगली गाडीवर उभी नोकरी कंडक्टर म्हणून केली आणि घरी जेवायला बोलवतानासुद्धा ते पुढचा थांबा आल्यासारखे ओरडत. नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा घशाच्या कर्करोगानं त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं. गळ्याच्या खालच्या अंगाला डॉक्टरांनी एक भोक ठेवलं. श्वास तिथूनच यायचा-जायचा. घर इतकं गप्प झालं की त्या भोकातली बारीक शिट्टी मला स्वयंपाकघरातून ऐकू यायची. ती थांबल्यासारखी वाटली की हातातली पोळी तव्यावर टाकून मी धावत जायची, आणि आबा शांतपणे पेपर वाचत बसलेले असायचे.

भोकावर ते पांढरं फडकं बांधत आणि त्यावर मफलर, अगदी वैशाखातसुद्धा. मफलरच्या आतलं आईखेरीज त्यांनी कुणाला दाखवलं नव्हतं. मला तर नाहीच, आणि खरं सांगायचं तर मलाही ते बघायची छाती नव्हती.

अशात सांगलीहून त्यांच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. कडेगावकडचे एक शेतकरी त्यांच्याकडे आले होते. आजार आबांचाच. लगेच ऑपरेशन केलं तर माणूस वाचेल, नाहीतर अवघड आहे, असं बाई म्हणाल्या. पण तो गडी तयार होईना. गळा कापल्यावर श्वास कुठनं घ्यायचा, एवढं एकच तो विचारत होता आणि बाईंच्या उत्तरावर त्याचा विश्वास नव्हता. दवाखान्यात नवा प्रोजेक्टर आला होता. रविवारी सगळ्या पेशंटना बसवून आबांनी आपली हकीकत पडद्यावर दाखवली तर कदाचित ऐकेल. आबांनी दिवसभर काही कळू दिलं नाही. संध्याकाळी पाटीवर लिहिलं, ‘तू टाइप कर. पण तिथं तू बोलायचं नाहीस. मी बोलणार.’

मी तेव्हा साताऱ्यात पोवई नाक्याजवळ एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. आबा पाटीवर लिहायचे, मी स्लाइडवर उतरवायची. ‘मी कंडक्टर होतो.’ ‘माझा आवाज गेला. मी आहे.’ ‘आता मी गळ्यातून श्वास घेतो.’ ‘वास मात्र येत नाही.’ अशी सगळी छोटी छोटी वाक्यं, तिकीट फाडून हातात दिल्यासारखी. अक्षर चांगलं ठसठशीत घे, मागच्या बाकावरच्यालाही दिसलं पाहिजे, असं त्यांनी बजावलं होतं.

आता मोबाइलवर शाळकरी पोरंसुद्धा मराठी लिहितात, म्हणून सांगावं लागतं. त्या काळी कॉम्प्युटरला मराठी येत नव्हतं. आत सगळी इंग्रजीच अक्षरं असत आणि फॉन्ट त्यांना मराठीचं सोंग चढवायचा. फॉन्ट नसला की सोंग उतरलं. क्लासमधल्याच दुसऱ्या कॉम्प्युटरवर मी ती फाइल उघडून पाहिली तर ‘मी आहे’च्या जागी कंस, डॉलर आणि उलटीसुलटी इंग्रजी अक्षरं. एवढ्या लोकांसमोर आबा उभे आहेत, पडदा भलतंच काही बरळतोय आणि त्यांना तोंडानं दुरुस्तही करता येत नाही, हे चित्र डोळ्यांपुढून हलेना.

फाइलची फ्लॉपी होतीच, फॉन्ट मी वेगळ्या फ्लॉपीवर घेतला. ती दगा देईल म्हणून आणखी एकीवर घेतला, फॉन्टच्या दोन्ही रुमालात गुंडाळल्या आणि गाडीत मांडीवर धरून बसले. फ्लॉपीला लोहचुंबक वर्ज्य, आणि रेडिओच्या स्पीकरमध्येही तो असतो, हे मीच पोरांना शिकवायची. त्यामुळे शेजारच्या माणसानं पिशवीतून रेडिओ काढला तेव्हा मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं तो परत आत ठेवला. नवा कंडक्टर ‘इस्लामपूर, इस्लामपूर’ करत दारात उभा राहिला, तेव्हा आबांचे ओठ हलले. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

सांगलीच्या दवाखान्यात फाइल उघडली आणि पहिलीच स्लाइड चक्क मराठीत दिसली. त्याच नावाचा फॉन्ट तिथे आधीपासूनच होता. मला केवढं हायसं वाटलं. बाकांवर माणसं येऊन बसली होती, बाई सुरू करा म्हणाल्या आणि फॉन्टच्या फ्लॉप्या रुमालातच राहिल्या. कडेगावचे पाहुणे पुढच्याच बाकावर होते, डोक्याला पांढरी टोपी, मांडीवर पिशवी. आबा पडद्याशेजारी लोकांकडे तोंड करून उभे राहिले, गाडीत दाराशी उभे राहायचे तसे ताठ.

पाहुणे एकेक वाक्य मोठ्यानं वाचत होते. कंडक्टर होतो म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. मग मी ती स्लाइड आणली, जिच्यासाठी आम्ही आलो होतो. पाहुण्यांनी वाचलं, ‘आता मी गळ्यातून वास घेतो.’

मागे कुणीतरी खुदकन हसलं. मी पडद्याकडे पाहिलं. फॉन्टचं नाव तेच, पण तिथला जुना होता. ‘श्व’ लिहिताना श जो गाठीचा होतो, तेवढं एक अक्षर जुन्यात नव्हतं. बाकी सगळं जागच्या जागी, आणि श्वासातला अर्धा श तेवढा गळाला होता. डॉलर न् कंस आले असते तर निदान काहीतरी बिघडलंय हे तरी सगळ्यांना कळलं असतं. घाबरून मी पुढचं बटण दाबलं, तर पडद्यावर आलं, ‘वास मात्र येत नाही.’

पाहुण्यांनी तेही वाचलं आणि पिशवी काखेला मारली. “आत्ता म्हनलं गळ्यातनं वास घेतोय, आता म्हनत्यात वास येत न्हाई. ह्यातलं खरं कुठलं धरायचं? श्वासाचं तर काय लिवलंच न्हाई.”

आबांचा शब्द मोडून मी बोलले. स्लाइड मागे नेली आणि अक्षर गळालंय, ते श्वास आहे, असं काहीतरी अडखळत सांगितलं. पाहुण्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं.

“बाई, तुमी त्यांची पोरगी. तुमी म्हननारच.”

ते दाराकडे निघाले. हा माणूस आता एका अर्ध्या अक्षरापायी मरणार, असं माझ्या मनात अगदी स्पष्ट आलं. बाईंनी हाक मारली तरी ते थांबले नाहीत.

तेव्हा आबांनी वळून पडदा वाचला, आणि आडवे जाऊन दारात उभे राहिले. पाटी खुर्चीवर होती, तिच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. मफलर काढला. फडक्याची गाठ सोडली. सगळ्यांसमोर गळा उघडा केला, पाहुण्यांचा हात धरला आणि तळवा त्या भोकासमोर आणला. स्वयंपाकघरातून ऐकू यायची ती शिट्टी मला ऐकू आली, एक गेली, एक आली.

पाहुण्यांनी तळवा उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. दुसऱ्या हातानं आबांच्या नाकाखाली बोट धरलं, मग पुन्हा गळ्यापाशी.

“हितनंच सगळं व्हय?” त्यांनी विचारलं. आबांनी मान हलवली. “गरम लागतंय की.”

पाहुणे परत बाकावर येऊन बसले. पिशवी खाली ठेवली. जरा वेळानं बाईंकडे न बघताच त्यांनी विचारलं, “कवा करायचं मग?”

उरलेल्या स्लाइड कुणी मागितल्या नाहीत. परतीच्या गाडीत मी आबांना म्हणाले, पुढच्या वेळी फॉन्ट आधीच चढवून ठेवीन, श्वास नीट दिसेल. त्यांनी पाटी काढलीच नाही. मफलर पिशवीतच होता, गळ्यावर नुसतं पातळ फडकं. मी नेहमीसारखी दुसरीकडे बघायला लागले, तर त्यांनी फडकं उचललं, माझा हात ओढला आणि पाहुण्यांचा धरला होता तसाच तिथे धरला.

कंडक्टर तिकिटं विचारत आला, तेव्हा पैसे मी डाव्या हातानं दिले.