पिशव्यांची रांग

आमच्या कोपरखैरण्यातल्या बैठ्या घरांमागे एक सरकारी दवाखाना आहे. तो बंद करायचा घाट घातला गेला, त्याला थोड्या आम्हीही जबाबदार होतो. हे आधीच कबूल करते, कारण पुढे मी बऱ्याच जणांचा उद्धार करणार आहे.

माझ्या सासूबाईंचा, म्हणजे आईंचा, डावा पाय साखरेमुळे चिघळला होता. मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, रोज ड्रेसिंग झालं पाहिजे, खंड पडला तर पाय कापावा लागेल. दवाखाना घरापासून पाच मिनिटांवर. सिस्टरचा हात हलका. मी तुर्भ्याला पॅकिंगच्या कारखान्यात जाते, नवरा ट्रकवर. रिक्षाने त्यांना रोज लांब नेणार कोण? हा दवाखाना होता म्हणून आमचं निभत होतं.

आता आमची चूक. दवाखाना आठला उघडतो आणि नेमकं त्याच वेळी नळाला पाणी येतं. म्हणून सातलाच बायका आपापली पिशवी भिंतीकडेला ओळीने ठेवून जायच्या, आत केसपेपर. नंबर जवळ आला की पलीकडची म्हातारी हाक मारायची आणि जिची पिशवी ती पदराला हात पुसत धावत यायची. पिशवीचा नंबर कुणी कधी मारला नाही. पिशवी म्हणजे माणूस, हा आमचा कायदा.

वरच्या ऑफिसातल्या साहेबांना तो कुणी सांगितला नव्हता. ते एका सकाळी सव्वाआठला आले, तीन माणसं बघितली, तीन लिहिली आणि गेले. पंधरा दिवसांत दारावर कागद लागला: रुग्णसंख्या अल्प असल्याने व खर्चात काटकसर करण्याच्या धोरणानुसार हे केंद्र पुढील महिन्यापासून बंद.

माझं डोकंच फिरलं. काटकसर तर आधीपासूनच चालू होती. पहिल्यांदा रक्त तपासणारा माणूस गेला, मग दुसरे डॉक्टर गेले, मग बँडेज बाहेरून आणायला सांगू लागले. आधी दवाखाना उपाशी ठेवायचा आणि मग म्हणायचं, बघा कसा वाळलाय.

समोरच्या सोसायटीत एक काका राहतात, बँकेतून रिटायर झालेले. ते मला समजावायला लागले, "वहिनी, राज्याच्या डोक्यावर कर्ज किती आहे माहितीये का? कुठेतरी कात्री लागणारच."

मी म्हटलं, "काका, कर्ज काढताना आम्हाला विचारलं होतं का? चौकातलं कारंजं वर्षात दोनदा फोडून बांधलं, तिथे कात्री बोथट होती वाटतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. माझ्या सासूचा पाय जाईल, तो कुणाच्या हिशेबात धरणार?"

काका मान हलवत निघून गेले. पण माणूस मनाचा चांगला. संध्याकाळी स्वतःहून आले आणि पुन्हा तपासणी करा असा अर्ज लिहून दिला, अगदी सरकारी भाषेत. आम्ही गल्लीभर सह्या घेतल्या. चार खेटे घातल्यावर तारीख मिळाली: सोमवार, सकाळी आठ.

रविवारी सगळ्या बायका आमच्या ओट्यावर जमल्या. ठरलं की उद्या पिशवी ठेवायची नाही, पाणी गेलं तर गेलं. मी अर्धा दिवस रजा टाकली.

सोमवारी सातपासून रांग लागली ती थेट मेडिकलच्या दुकानापर्यंत. काकाही आले, बीपी मोजायला. आठ वाजले, नऊ वाजले, साहेबांचा पत्ता नाही. नळाचं पाणी आलं आणि गेलं, कुणी हललं नाही. आई माझ्या खांद्याला धरून उभ्या होत्या. बँडेजवर लाल डाग दिसायला लागला तशी मी घाबरले. म्हटलं, "आई, बाकावर बसा. मी थांबते तुमच्या जागेवर."

"गप ऱ्हा," त्या म्हणाल्या. "केसपेपरवर नाव कुनाचं हाय?"

साडेदहाला साहेब आले. रांग बघून जरा चपापले, मग पेन काढून एका टोकापासून मोजायला लागले. आमच्यापाशी आल्यावर त्यांचं लक्ष पायाकडे गेलं. माणूस वाईट नसावा. स्वतः बाक ओढून म्हणाले, "आजी, उभ्या कशाला? बसा ना."

आईंनी बाकाकडे बघितलंसुद्धा नाही.

"आदी मला लिव्ह," त्या म्हणाल्या. "मंग बसते."

साहेबांनी कागदावर रेघ ओढली. आई वाकून बघत होत्या. अक्षर येत नाही त्यांना, पण रेघ कळते. ती बघितली आणि मगच त्या बसल्या.

महिना उलटला, दवाखाना चालू राहिला. दारावरचा कागद कुणी काढला नाही, म्हणून मीच फाडला. आईंची जखम भरायला पुढे तीन महिने लागले. पाय आहे. आता त्या फक्त साखरेच्या गोळ्या घ्यायला जातात आणि रांगेत उभ्या राहतात, दोन्ही पायांवर, पिशवी हातात घेऊन.