तिसाव्या दिवसाचा फोन

"बरं आहे" हे शब्द ऐकले की मला राग येतो. पूर्वी येत नव्हता. पूर्वी ते ऐकून मी फॉर्मवर खूण करायचे आणि पुढचा नंबर लावायचे.

मी घाटकोपरच्या एका हॉस्पिटलमध्ये रिसर्च कोऑर्डिनेटर आहे. डॉक्टर नाही, नर्स नाही. ऑपरेशन दुसरे करतात. नंतर पेशंटचं काय झालं ते मी विचारते आणि लिहून ठेवते. आमचा अभ्यास तसा साधा होता. पोटाचा मोठा हर्निया दुरुस्त करताना आत जाळी बसवतात, आणि साचलेलं पाणी बाहेर यावं म्हणून काही दिवस एक नळी ठेवतात. ती नळी पेशंटला नकोशी होते, आणि तिच्या वाटेनेच जंतू आत जातात असंही काही सर्जन म्हणतात. म्हणून निम्म्या पेशंटना नळी, निम्म्यांना नाही. कोण कुठल्या गटात ते बंद पाकीट उघडल्यावर कळायचं. तीस दिवसांत कोणाची जखम पिकते ते मोजायचं, आणि एकाच गटात जास्त पिकायला लागल्या तर हॉस्पिटलची एथिक्स कमिटी अभ्यास थांबवणार. अभ्यास चालवणारे सर्जन म्हणजे आमचे सर, त्यांना नळी नको होती. हे ते लपवतही नसत.

सातव्या, पंधराव्या आणि तिसाव्या दिवशी मी फोन करायचे. हे काम मला आवडायचं, कारण फोनवर कोणी माझ्याकडे बघत नाही. छापलेली मराठी प्रश्नावली मी सुरुवातीला शाळेत धडा वाचावा तशी वाचायचे, माझी शाळा इंग्लिश मीडियमची. "जखमेतून स्राव होतो का?" असं आमच्या मुलुंडच्या घरात कोणी बोलत नाही, कोणाच्याच घरात बोलत नसावेत. पण छापलेला प्रश्न बदलायचा नाही असा नियम होता, आणि नियम असला की मला बरं वाटायचं.

विक्रोळीच्या मावशी पन्नाशी ओलांडलेल्या. मूळच्या मालवणकडच्या, नवरा कारखान्यातून रिटायर झालेला. संमतीच्या कागदावर सही करताना त्यांनी एकच प्रश्न विचारला. "गणपतीपर्यंत उभी राहीन ना गो बाय? सुनेचा पहिला ओवसा आहे यंदा." नव्या सुनेने फळं-पानांनी भरलेलं सूप गौरीपुढे ओवाळायचं, म्हणजे ओवसायचं, आणि सासूने शेजारी उभं राहून ते शिकवायचं, अशी त्यांच्याकडे रीत.

"मावशी, मोदक वळाल तुम्ही," सर म्हणाले. पाकीट उघडलं. नळी नाही.

त्यांचा तिसावा दिवस नेमका गौरी घरी यायच्या दिवशी आला.

"मावशी, कशा आहात?"

"बरां आसा गो. तू जेवलस?"

"हो. जखमेतून स्राव होतो का?"

मागे एक बाई ओरडत होती, अरे पावलं पुसली, कोण गेलं इथून? मावशी लगेच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "काय नाय. बरां आसा सगळा. प्रसादाक ये."

ते थांबणं मला ऐकू आलं होतं. श्वास धरून कोणी काही उचलतं किंवा कशाला तरी टेकतं, तसं. मला पुन्हा विचारता आलं असतं. पण एकच गोष्ट दुसऱ्यांदा विचारायची मला लाज वाटते, दुकानातसुद्धा वाटते. त्या दिवशी अजून आठ फोन बाकी होते. "नाही" या शब्दापुढे मी खूण केली.

तेहतिसाव्या दिवशी, म्हणजे गौरी-गणपतीचं विसर्जन झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, सून त्यांना रिक्षातून घेऊन आली. साडीच्या आत त्यांनी जुन्या सुती लुगड्याची घडी बांधली होती. नर्सने ती सोडली आणि खोलीभर वास पसरला.

"परवा माझ्याबरोबर तासभर उभ्या होतात तुम्ही!" सून रडत रडत भांडत होती. हातातला हिरवा चुडा वाजत होता. "तासभर, आई!"

"मग? सूप कसं धरायचं ते तुला कोण शिकवणार होतं? तुझा नवरा?"

"कधीपासून आहे हे?" मी विचारलं.

"गणपती आणायच्या आदल्या दिवसापासून."

मी मनात दिवस मोजले. सव्विसावा.

"मग मी फोन केला तेव्हा का नाही सांगितलंत?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या, जणू मीच काही भलतं विचारलं होतं. "सांगून काय? तू म्हणाली असतीस, या. गणपती घरात सोडून कुठे येऊ? आणि घरात कळलं असतं तर मला देवाकडचं काही करू दिलं असतं? पू वाहतोय म्हणून कोपऱ्यात बसवलं असतं मला. सुनेच्या पहिल्या ओवशाला." मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "तू एवढी मायेने फोन करतेस. तुला कशाला घोर?"

मला ओरडावंसं वाटलं. त्यांच्यावर, त्यांना कोपऱ्यात बसवणाऱ्या घरावर आणि माझ्या त्या मायेवर. मी मान हलवली आणि बाहेर आले.

जाळी काढावी लागली. दुसरं ऑपरेशन झालं. आता तो हर्निया परत येणार, हे त्यांना कोणी सांगितलं की नाही मला माहीत नाही.

संध्याकाळी मी फॉर्म घेऊन सरांकडे गेले.

"डायग्नोसिस कितव्या दिवशी?" सरांनी विचारलं.

"तेहतिसाव्या. पण सर, पू सव्विसाव्या दिवसापासून येत होता."

"कोण म्हणतं?"

"पेशंट."

"पेशंटची आठवण हा पुरावा नसतो. तिसाव्या दिवशी फोन कोणी केला होता?"

"मी."

"काय लिहिलंस?"

मी फॉर्मवरच्या त्या खुणेवर बोट ठेवलं.

"'नाही' लिहिलंस. मग तेव्हा खोटं लिहिलंस की आता बोलतेयस?" ते हसले. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. "अगं, तीस म्हणजे तीस. आपल्या अभ्यासात ही केस येतच नाही. जा घरी."

माझ्या शेजारी बसणारी दुसरी कोऑर्डिनेटर मला म्हणाली, "सोड ना यार. तुझीच वाट लागेल. चूक तुझी निघेल, त्यांची नाही."

"चूक माझीच आहे."

"मग तर अजूनच सोड!"

मी घरी गेले नाही. अभ्यासाची जाड फाइल काढून बसले. त्यात स्वच्छ लिहिलं होतं: घटनेची तारीख म्हणजे पहिलं लक्षण दिसलं तो दिवस. खाली सरांची सही. एका बाईचं पोट दोनदा फाडायचं, आणि नंतर म्हणायचं की ती मोजण्यात येत नाही. ती तीन दिवस उशिरा आली म्हणून. का उशिरा आली ते ऐकायला कोणाला वेळ नाही. तसा रकानाच नाही फॉर्ममध्ये. आणि आठवण हा पुरावा नसतो म्हणे. कोकणातली बाई बाकी सगळं विसरेल, गणपती कुठल्या दिवशी घरात आला ते विसरेल का?

आमच्याकडे लिहिलेलं खोडायची एक पद्धत आहे. व्हाइटनर चालत नाही, गिरवणं चालत नाही. एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी नवी नोंद, कारण, सही, आजची तारीख. ट्रेनिंगमध्ये मला हे फार बारीकसारीक वाटलं होतं.

तिसाव्या दिवसाच्या त्या खुणेवर मी रेघ मारली. शेजारी लिहिलं, "होय, सव्विसाव्या दिवसापासून." कारणाच्या जागी आधी "पेशंटने माहिती दिली नाही" असं लिहायला घेतलं. तेवढं म्हटलं की सुटले असते. मग लिहिलं, "पेशंट उत्तर देताना थांबल्या होत्या. मी पुन्हा विचारलं नाही." सही केली. खाली त्या दिवसाची तारीख घातली.

दुसऱ्या दिवशी सरांनी फॉर्म वाचला आणि त्यांच्या सहीची चौकट रिकामी ठेवून माझ्याकडे सरकवला. एक शब्द बोलले नाहीत. अजूनही बोलत नाहीत. काही हवं असेल तर त्या दुसऱ्या कोऑर्डिनेटरकडून निरोप येतो. ती चौकट तशीच रिकामी ठेवून, फाइलमधल्या त्या पानाची कॉपी जोडून, मी फॉर्म एथिक्स कमिटीच्या ऑफिसात दिला. क्लार्कने पोच दिली. कमिटीची बैठक अजून व्हायची आहे. तोपर्यंत पाकिटं उघडली जातायत.

गेल्या आठवड्यात मढच्या एका काकूंचा सातवा दिवस होता. नळी नाही.

"बरं हाय," त्या म्हणाल्या.

"ते नका सांगू काकू," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. प्रश्नावली मी उलटी करून ठेवली होती. "साडीच्या आत कापड बांधलंय का?"

तिकडून काही ऐकू येईना. मी फोन कानाला तसाच धरून ठेवला.

"काकू, कापड बांधलंय का?"