मास्तरांनी ठेवलेली माया

मास्तरांचं दुकान म्हणजे दुसऱ्या शिंप्यांची पापं निस्तरायची जागा. रेडीमेड कपडा उसवायचा आणि गिऱ्हाइकाच्या अंगावर नीट बसवून द्यायचा. रविवारी दुपारी त्याच कापायच्या टेबलावर ते गोष्टीही तशाच बसवत. गुहा, राक्षस, खजिना असलेलं खेळाचं छापील पुस्तक आणायचं. गोष्ट मास्तरांनी सांगायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं, अडलं की फासे टाकायचे. पण पुस्तकाबरहुकूम खेळवतील तर ते मास्तर कसले? राजाला आखूड करायचे, प्रधानाला अस्तर लावायचे.

खेळाडू दोनच. बायको चोर, मेहुणा सरदार. आईचं शिलाई मशीन कुणी न्यायचं यावरून या बहीणभावांचा वर्षभर अबोला, हे अख्ख्या गल्लीला पाठ. बोलायचे ते फक्त खेळात.

"सरदार, चहात साखर किती?"

"चोराला सांगा, दोन चमचे."

म्हणून मास्तरांनी नियमच केला: टेबलाशी नात्याने हाक मारली की दंड, चिंध्या झाडायच्या. अबोलाही शाबूत, बोलणंही चालू.

एका रविवारी मेहुणा मिशीत हसत आला. "मास्तर, तुमचं पुस्तक मीही आणलं. वाचूनही काढलं. मागच्या रविवारी थांबलो त्या दीपगृहाच्या दारामागे अजगर आहे. आता काय खेळायचं?"

खेळ संपला की मेहुणा यायचा बंद, आणि मग बायकोचं ते गप्प राहून भांडी आपटणं.

मास्तरांनी चष्मा पुसला. शिवणीत बोटभर जास्तीचं कापड सोडतात, त्याला शिंपी माया म्हणतात. गोष्टीतही मास्तर ती सोडत. पुस्तकात एका ओळीपुरती दीपगृहवाल्याची हरवलेली बहीण होती. पुस्तक तिला पुढे विसरलं, मास्तर विसरले नव्हते.

"उघडा दार."

"अजगर," म्हणत सरदारांनी ऐटीत तलवार उपसली.

"दारात एक बाई आहे. हातात कंदील. म्हणते, वर्षभर वाट पाहिली, जेवलास का?"

मेहुण्याने भराभर पानं उलटली. "हे यात नाही."

"नसेल."

"मग हिला मी काय बोलू?"

मास्तर फाशांशी चाळा करत बसले. बायको टेबलावरच्या खडूच्या रेघा पुसत होती. शेवटी मेहुण्याने तिलाच कोपराने ढोसलं. "ताई, सांग ना, काय बोलू?"

"दंड," ती म्हणाली.

मेहुण्याने मुकाट्याने झाडू घेतला आणि टेबलाखाली शिरला. तिने पाय वर घेतले.

"कोपऱ्यात राहिलंय. लहानपणापासून कामचुकार."