आईच्या पायाची कळ काकूच्या पायात

तुमच्या या सदरातले अनुभव मी नेहमी वाचते आणि बहुतेक वेळा वाचून चिडते. पांढरी साडी, कुत्र्यांचं रडणं, वळणावरचं चिंचेचं झाड... मी आयुष्यभर हायस्कूलमध्ये गणित शिकवलं. करणी, उतारा, अंगात येणं, यातलं काहीही मी कधी मानलं नाही. आजही मानत नाही. तरी लिहायला बसले आहे, कारण हे घडलं ते भर दिवसा, कोल्हापुरातल्या एका खाजगी दवाखान्याच्या व्हरांड्यात, माझ्या डोळ्यांसमोर. आणि आठवलं की अजून डोकं तापतं.

नव्वदीची शेवटची वर्षं. माझं माहेर हुपरीचं, घरातच पैंजणांचं काम. वडील नव्हते, भाऊ कारखाना बघायचा आणि आई घुंगरं जोडायला बसायची. एके दिवशी सकाळी काम करता करता ती ओरडलीच. डाव्या पायात अशी कळ गेली, की जणू पाय कुणी पिळून काढतंय. भावानं तिला जीपमध्ये घालून कोल्हापूरला आणलं. मी सासरी कोल्हापुरातच, शाळेतून थेट दवाखान्यात पोचले.

तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी आईच्या पायाला हातसुद्धा लावला नाही. लांबूनच म्हणाले, "कंबरेची नस आखडली आहे. इंजेक्शन देतो, पडून राहू दे."

संध्याकाळी आईचं कण्हणं थांबलं. डॉक्टर खुशीत. "बघा, औषध लागू पडलं!"

मी म्हटलं, "सर, पाय गार पडलाय. बोटं पांढरी दिसतायत."

"पंखा बंद करा," म्हणाले, आणि गेले.

पंखा बंद करा! आई नुसती छताकडे बघत होती. मी तळव्याला चिमटा काढला, तिला कळलं नाही. सिस्टरला सांगितलं, तर ती म्हणाली, सर सकाळी बघतील. त्या रात्रीचा संताप मी अजून विसरलेली नाही.

आता काकूबद्दल सांगायला हवं. सुशीलाकाकू म्हणजे आईची धाकटी जाऊ. दोघी एकाच घरात नांदल्या. पण काकूच्या मुलीचं जमलेलं लग्न मोडलं आणि काकूनं धरून ठेवलं, की पोराकडच्यांचे कान आईनंच फुंकले. आई म्हणायची, मी एक शब्द बोललेली नाही. खरंखोटं मला आजही माहीत नाही. विधवा काकू मुरगूडला माहेरी निघून गेली ती गेलीच. त्यानंतर तिच्या घरात दूध नासलं तरी नाव आईचं, आणि इकडे कामात घुंगरू निसटलं तरी नाव काकूचं. येणंजाणं बंद, लग्नकार्यातसुद्धा एकमेकींकडे पाठ. आईला दवाखान्यात ठेवलंय हे मुरगूडला कुणी कळवायचा प्रश्नच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यातून आरडाओरडा ऐकू आला. बघते तर काकू! भिंतीला धरून, डावा पाय ओढत, घामानं भिजलेली. मला बघितल्याबरोबर सुरू झाली.

"कुटं हाय ती? काय केलंय तिनं माज्या पायाला? काल दिवेलागणीपास्नं जीव चाललाय माजा!"

"काकू, हळू... हा दवाखाना आहे."

"दवाखाना हाय तर मग काय झालं? हुपरीला गेलतो तिला इचारायला. घराला कुलूप! शेजारीण म्हणाली, अक्काचा डावा पाय दुकतोय, कोल्लापूरला न्हेलंय. डावा! ऐकलंस? तिचं दुकणं तिनं माज्यात घातलंय!"

मी भयंकर चिडले. आई तिथं अशी पडलेली, आणि ही बाई करणीच्या गोष्टी घेऊन भांडायला आलेली! मी तिला बाहेर काढणार होते. पण ती वॉर्डात घुसलीच, आणि आईच्या पायावरची चादर तिनं फर्रकन ओढली.

पाय संगमरवरासारखा झाला होता. पांढरा, मधे निळसर रेघा. काकू एवढ्या मोठ्यानं किंचाळली, की शेजारच्या खोलीत पेशंट बघणारा एक तरुण सर्जन धावत आला. तो त्या दवाखान्याचा नव्हता, बोलावलं की ऑपरेशनला यायचा. त्यानं आईच्या पावलावर बोटं ठेवली, गुडघ्यामागे ठेवली, जांघेत ठेवली. त्याचा चेहराच बदलला.

"हे कधीपासून आहे? यांना हार्टचा काही त्रास आहे का?"

आईला लहानपणी सांधेताप झाला होता, हृदयाची झडप खराब होती. मी सांगितलं.

"हृदयातून रक्ताची गुठळी सुटून पायाच्या नसेत अडकली आहे, ताई. दुखणं थांबलंय ते बरं वाटलं म्हणून नाही. पाय मरायला लागलाय."

त्यानं भराभर समजावलं. जांघेत भूल देऊन छोटा छेद घ्यायचा, नसेतून एक बारीक नळी आत सरकवायची. कॅथेटर. तिच्या टोकाला इवलासा फुगा. गुठळीच्या पलीकडे गेलं की फुगा फुगवायचा आणि नळी ओढून घ्यायची, म्हणजे फुगा गुठळीला ओढत बाहेर आणतो. "पाय वाचेलच असं सांगत नाही. पण आत्ताच्या आत्ता करायला हवं."

मी सही केली.

ऑपरेशनच्या खोलीबाहेर बाकड्यावर मी आणि काकू. भाऊ रक्ताची सोय बघायला गेलेला. काकू मांडी दाबून कण्हत होती आणि मधे मधे आईला शिव्या देत होती. मला तिचं तोंड बघवत नव्हतं. पण ती नाटक करत नव्हती, एवढं मला दिसत होतं. चावून चावून ओठांतून रक्त आलं होतं तिच्या.

मग एकदम तिनं मोठा श्वास सोडला. "सुटलं... मांडीतलं सुटलं गं शोभे."

पाठोपाठ दार उघडलं. सर्जनच्या हातातल्या ट्रेमध्ये गॉजवर काळपट लाल, जळवेसारखं काहीतरी होतं. "निघाली! आता टाके घालतो."

"अजून हाय," काकू म्हणाली. "पोटरीत हाय."

त्यानं माझ्याकडे बघितलं. "या कोण?"

"आईच्या जाऊबाई."

"मावशी, ऑपरेशन त्यांचं चाललंय, तुमचं नाही."

"मला अक्कल शिकवू नगंस! पोटरीत सुरी फिरतीया माज्या! आत हाय म्हणते तर हाय!"

मी पण ओरडले, "काकू, गप्प बस!" पण ओरडता ओरडताच सर्जनला विचारलं, "डॉक्टर, पावलात नाडी लागली का?"

तो थबकला. "अजून नाही. लागायला वेळ लागतो कधी कधी."

"मग परत एकदा घाला ना नळी."

"हे बघा, मला माझं काम कळतं." दार धाडकन लागलं.

मी मनात म्हटलं, संपलं. भांडून बसलो आपण.

बराच वेळ गेला. काकू पोटरी धरून पुढे मागे डोलत होती. आणि मग ती थांबली. पाय पुढे सोडला. बोटं हलवून बघितली. तोंडावरचा घाम पुसला, पदर खोचला आणि सरळ उभी राहिली.

सर्जन बाहेर आला. या वेळी गॉजवर शेवयांसारखं लांब, बारीक काहीतरी होतं. "आधीच्यापेक्षाही बारीक नळी घालावी लागली. गुडघ्याच्या खाली होती ही. आता पावलात नाडी लागतेय." मग काकूकडे वळला. "तुम्हाला कसं कळलं?"

"तुमी डाक्टर. तुमीच सांगा की!"

एवढं बोलून ती जिना उतरली. न लंगडता! खाली मोठे डॉक्टर भेटले, त्यांना सगळ्या पेशंटांसमोर जे काही ऐकवलं ते इथं छापता येणार नाही. मला फार बरं वाटलं. आईला न भेटताच ती बस पकडून गेली.

आईचा पाय वाचला. चालायला लागल्यावर ती मला घेऊन मुरगूडला गेली, साडी आणि पेढे घेऊन. काकू उंबऱ्यातच उभी.

"सुशे, तुझ्यामुळं..."

"माजा पाय दुकत हुता म्हणून आलतो. तुज्यासाठी न्हाय." आणि दार लावलं.

परतीच्या बसमध्ये आई रागानं लाल. "ही आलीच नसती तर बरं झालं असतं. आता जन्मभर हिचं मिंधं ऱ्हायाचं."

त्या सर्जनला नंतर मी विचारलं. तो म्हणाला, योगायोग असेल. डावा पाय योगायोग, मांडी योगायोग, पोटरी योगायोग? मी गणित शिकवलंय हो. लोक म्हणतात, आत कुठंतरी माया असणार. नव्हती! त्या दोघींना मी ओळखते. माया असती तर ती मला कधीतरी दिसली असती.

काही वर्षांनी काकू पोटाच्या दुखण्यानं गेली. फार हाल झाले, असं नंतर कळलं. बातमी आली तेव्हा आई घुंगरं जोडत होती. तिनं हातातला चिमटा भिंतीवर फेकून मारला.

"एवढं दुकत हुतं तिला," ती माझ्यावरच ओरडली, "मग मला का न्हाय काय झालं? मला का न्हाय?"