पुष्पाजिजींची बातम्यांची वाटी

अक्षर वेडंवाकडं आहे, ऱ्हस्वदीर्घही चुकेल, माफ करावं. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच. पण पुष्पाजिजींबद्दल लिहायचं म्हटलं की हात थांबत नाही.

नवीन जालन्यात मी त्यांच्याकडे पोळ्या करायला जायचे. घराणं मारवाडी, बियाण्यांच्या व्यापारातलं; जिजी मात्र पुण्यात राहून रशियन शिकून आलेल्या. पहिल्या दिवशी दार उघडलं ते हातात भिंग घेऊनच. "ये कमल, बघ! रशियात गोठलेली जमीन वितळून राह्यली, वरची घरं खचून राह्यली. आन् ही बातमी कुठंय? पार तळाला!" मी अजून चपलाही काढल्या नव्हत्या.

त्यांच्या फोनवर रशियन बातम्यांचं एक पान होतं. ते स्वतः काही लिहीत नाही, शेकडो पेपरांतून उचलून मांडतं. तिकडची किती तरी माणसं वरचं चार ओळींचं वाचून कामाला लागतात. हवामानाच्या आणि गॅसच्या बातम्यांचं तिथे काय होतं, याचा अहवाल जिजी पुण्याच्या एका संस्थेसाठी लिहीत होत्या. "लिहिलं कोणी ते सोड, वर कोणी ठेवलं ते बघ," हे दिवसातून दहादा.

अहवालाला आठ दिवस उरले आणि मोतीबिंदूने डोळे पार धुरकटले. "झालं! दोन वर्षांची मेहनत मातीत," जिजी म्हणाल्या. मी घाबरतच विचारलं, "मी बघू का?"

त्यांनी पुठ्ठ्यावर दोन रशियन शब्द मोठ्ठे काढून दिले. एक गॅसचा, एक हवामानाचा. हवामानाच्या शब्दाचा उच्चार 'क्लिमात'. रांगोळी ओळखावी तसे मी ते ओळखू लागले. बातमी उघडली की खाली ती छापणाऱ्या पेपरांची यादी येई. दर पेपरला वाटीत एक दाणा टाकायचा, गॅसला तुरीचा, हवामानाला ज्वारीचा. आणि प्रत्येक पेपरातला मजकूर उघडून त्याचा फोटो काढून ठेवायचा.

शेवटच्या दिवशी जिजींनी वाटीत बोटं घातली. "इतकीच तूर? सांडली काय गं?"

"न्हाई जिजी. मजकूर तोच, पेपरचं नाव तेवढं वेगळं. मंग एकच दाणा टाकला. एकच भाजी दहा वाट्यांत वाढली, तर दहा भाज्या होत्यात का?"

"अगं येडे, हरेक नावाला एक सांगितला होता!"

मला रडूच कोसळलं. अहवाल उद्या द्यायचा होता.

जिजींनी भिंग घेतलं, एकेक फोटो डोळ्याशी नेला आणि एकदम टाळी वाजवली. "बिलकुल तोच! सतरा पेपर, लिहिणारा एक! मी अर्थ वाचत बसले, तू नुसता आकार बघितला. हे पान जे लई पेपरांत दिसतं ते वर उचलतं. गॅस कंपनीने वाटलेल्या एका कागदाच्या सतरा नकला, म्हणून तो वर. खचलेल्या घरांची बातमी एका गावच्या पेपरात एकटीच, म्हणून ती तळाला!"

तव्यावरच्या पोळीचा कोळसा झाला. "जळू दे गं! जल्दी लिही!" फोटो होतेच. नावं मोजून एक आकडा, मजकूर मोजून दुसरा, असं सगळं संध्याकाळच्या आत शेजारी शेजारी मांडून झालं.

डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर भाऊ त्यांना जोधपूरला घेऊन गेला. निघताना जिजींनी छापलेला अहवाल माझ्या हातात दिला. पहिल्या पानावर रशियनमध्ये त्यांचं नाव, आणि खाली आणखी एक.

"वाच," म्हणाल्या.

"मला कुठं येतंय जिजी?"

"येतंय. वाच."

मी बोट ठेवत गेले. सगळी अक्षरं पुठ्ठ्यावरच्या क्लिमातमधलीच होती. क. म. ल.